आरोग्य कायद्यांना विरोध : केव्हा, कशासाठी आणि कसा?



दवाखान्यांवर किंवा डॉक्टरांवर सरकारने नवा कायदा आणला की वर्तमानपत्रात ठरावीक बातम्या येतात. डॉक्टर संपावर गेले, दवाखाने बंद राहिले, मोर्चा निघाला, निवेदन दिले. सेवाभावी संस्थाही कधी कधी आपल्या हरकती नोंदवतात. मग मंडळीतील माणसांना प्रश्न पडतो : सरकार रुग्णांच्या भल्यासाठी कायदा करत असेल, तर सेवेचे काम करणाऱ्यांनी आड का यावे? आपल्या दानातून चालणारा दवाखाना नियमात बसायला काय हरकत आहे?

प्रश्न रास्त आहे आणि तो विचारण्याचा तुमचा हक्कच आहे, कारण हे काम तुमच्या दानावर आणि प्रार्थनांवर उभे आहे. मात्र सरसकट पाठिंबा किंवा सरसकट विरोध हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. प्रत्येक कायद्यात काही कलमे गरिबाला आधार देणारी असतात, तर काही कलमे शहरातल्या कार्यालयात लिहिली गेल्यामुळे डोंगरातल्या पाड्यावर भलताच परिणाम करतात. विरोध करायचा तो नेमका कशाला, हे ओळखायला शिकले पाहिजे. त्यासाठी या लेखात चार कायद्यांकडे पाहू. चारही कायदे खरे आहेत, आणि चारही आदिवासी रुग्णाशी जोडलेले आहेत.

नोंदणीचा कायदा काय सांगतो?

पहिला कायदा २०१० चा. त्याचे नाव ‘क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स (नोंदणी व नियमन) कायदा’. सोप्या शब्दांत, दवाखाना, रुग्णालय, प्रसूतिगृह किंवा तपासणीची प्रयोगशाळा चालवायची असेल तर नोंदणी केलीच पाहिजे, असे हा कायदा सांगतो. ॲलोपॅथी असो, आयुर्वेद असो की होमिओपॅथी, खासगी असो की सरकारी, ट्रस्टचा दवाखाना असो की एकट्या डॉक्टरचा, सर्वांना तो लागू होतो. सेनादलाच्या रुग्णालयांना तेवढी सूट आहे.

आरोग्य हा राज्यांच्या यादीतला विषय आहे. त्यामुळे संसदेने हा कायदा राज्यघटनेच्या कलम २५२ खाली केला. या कलमानुसार काही राज्यांनी ठराव करून विनंती केली तर संसद त्यांच्यासाठी कायदा करू शकते, आणि इतर राज्ये तो नंतर स्वीकारू शकतात. अरुणाचल प्रदेश, हिमाचल प्रदेश, मिझोराम आणि सिक्कीम या चार राज्यांत, तसेच दिल्ली सोडून केंद्रशासित प्रदेशांत हा कायदा १ मार्च २०१२ पासून लागू झाला. पुढे उत्तर प्रदेश, राजस्थान, बिहार, झारखंड अशा राज्यांनी तो स्वीकारला. झारखंड आणि राजस्थानात आदिवासींची वस्ती मोठी आहे, हे लक्षात घ्यावे.

महाराष्ट्राने हा कायदा स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो. त्याच्या नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद, दरपत्रक लावण्याची सक्ती आणि तक्रार निवारणाची सोय आली. महाराष्ट्रासाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदाही २०१४ च्या सुमारास तयार झाला होता. तो विधिमंडळात मंजूर झालेला नाही. म्हणजे हा विषय आपल्या राज्यात आज ना उद्या पुन्हा येणार आहे.

या कायद्यात चांगले काय आहे?

आधी चांगले सांगितले पाहिजे. आदिवासी भागात बोगस डॉक्टरांचा सुळसुळाट असतो. ताप आला की सलाईन, अंग दुखले की इंजेक्शन, आणि पैसे नसले तर कोंबडी, बकरी किंवा पुढच्या हंगामाचे धान्य. कोणती सुई टोचली, बाटलीत काय होते, याचा एक कागदही रुग्णाच्या हाती पडत नाही. अशा माणसाला जाब विचारायचा तर आधी त्याची कुठेतरी नोंद हवी. नोंदणीचा कायदा हे काम करतो.

२०१० च्या कायद्यात तात्पुरत्या नोंदणीची पद्धत सोपी ठेवली आहे. अर्ज जिल्हा नोंदणी प्राधिकरणाकडे करायचा. त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. आधी तपासणी न करता दहा दिवसांत तात्पुरते प्रमाणपत्र द्यायचे, अशी तरतूद आहे. याशिवाय अत्यवस्थ रुग्ण आला तर हाताशी असलेल्या माणसांच्या आणि साधनांच्या मर्यादेत त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार केलेच पाहिजेत, अशी अट नोंदणीलाच जोडली आहे. ‘हाताशी असलेल्या साधनांच्या मर्यादेत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. दहा खाटांच्या दवाखान्याने शंभर खाटांच्या रुग्णालयासारखे उपचार करावेत, असे कायदा म्हणत नाही. दारात आलेल्याला परत पाठवू नका, एवढेच तो म्हणतो. शोमरोन्याची गोष्ट लहानपणापासून ऐकत आलेल्या आपण या कलमाला विरोध कोणत्या तोंडाने करणार?

दरपत्रक लावा, नोंदी ठेवा, रुग्णाला त्याची कागदपत्रे द्या, या अटींनाही सेवाभावी दवाखान्याने हरकत घेण्याचे कारण नाही. प्रामाणिक माणसाला हिशेब दाखवायची भीती नसते.

मग अडचण कुठे येते?

अडचण ‘किमान मानके’ या दोन शब्दांत आहे. दवाखान्यात किमान जागा किती, माणसे किती, त्यांची पात्रता काय, यंत्रे कोणती, हे मूळ कायद्यात लिहिलेले नाही. ते पुढे नियमांतून ठरते. कायद्यावर विधिमंडळात, संसदेत चर्चा होते, वर्तमानपत्रांत बातम्या येतात. नियम मात्र राजपत्रात छापून येतात आणि फार थोड्यांच्या नजरेस पडतात. दवाखान्याचे दार उघडे राहणार की बंद होणार, हे पुष्कळदा त्या नियमातल्या एका ओळीवर ठरते.

समजा, डोंगरातल्या एका तालुक्यात दहा खाटांचा मिशन दवाखाना आहे. एक डॉक्टर, दोन प्रशिक्षित परिचारिका, आणि गावातल्याच चार-पाच मुली, ज्यांना डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी वर्षानुवर्षे शिकवून तयार केले आहे. या मुली रुग्णाची बोली बोलतात. बाळंतिणीला धीर देतात, रक्तदाब मोजतात, जखम बांधतात, हगवण लागलेल्या लेकराला चमच्याने मीठ-साखरेचे पाणी पाजत रात्र काढतात. आता नियम आला की प्रत्येक पाळीत खाटांच्या प्रमाणात नोंदणीकृत परिचारिकाच हव्यात. शहरात हा नियम अगदी योग्य आहे. तिथे जाहिरात दिली की अर्ज येतात. डोंगरात जाहिरात दिली तर अर्ज येत नाहीत, आले तरी पहिल्या पावसाळ्यानंतर माणसे टिकत नाहीत. मग त्या दवाखान्यापुढे दोनच वाटा उरतात. खाटा कमी करायच्या, नाहीतर दंडाची टांगती तलवार घेऊन काम करायचे.

हा दंडही लहान नाही. २०१० च्या कायद्यात नोंदणीशिवाय दवाखाना चालवल्यास पहिल्या वेळी ५० हजार, दुसऱ्या वेळी दोन लाख आणि पुढे पाच लाख रुपयांपर्यंत दंड आहे. मोठ्या शहरातल्या रुग्णालयाला ही रक्कम फारशी जाणवणार नाही. रविवारच्या दानार्पणातून औषधे घेणाऱ्या दवाखान्याचे मात्र ती कंबरडे मोडेल.

आणि तो दवाखाना बंद झाला तर रुग्ण कुठे जाईल? कागदावर सरकारी व्यवस्था आहे. डोंगराळ व आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ऐंशी हजारांमागे एक ग्रामीण रुग्णालय, असे निकष आहेत. मैदानी भागासाठी हेच आकडे पाच हजार, तीस हजार आणि एक लाख वीस हजार आहेत. म्हणजे आदिवासी भागासाठी वेगळे माप लावले पाहिजे, हे सरकारनेच मान्य केले आहे. पण इमारत असली तरी डॉक्टर असेलच असे नाही, आणि डॉक्टर असला तरी वाट असेलच असे नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आपण दर पावसाळ्यात वाचतो. अशा ठिकाणी जवळचा दवाखाना बंद झाला तर रुग्ण दूरच्या मोठ्या रुग्णालयात जात नाही. तो पुन्हा त्याच बोगस डॉक्टरकडे किंवा भगताकडे जातो. ज्याच्यापासून वाचवण्यासाठी कायदा केला, त्याच्याच दारात रुग्णाला नेऊन सोडल्यासारखे होते.

यावर उपाय कायद्यातच आहे. २०१० च्या कायद्याचे कलम १३ सांगते की वेगवेगळ्या वर्गांतल्या दवाखान्यांसाठी वेगवेगळी मानके ठरवता येतील, आणि मानके ठरवताना स्थानिक परिस्थिती लक्षात घ्यावी लागेल. आपली मागणी या ओळीवर उभी राहू शकते. कायदा रद्द करा असे म्हणण्याची गरज नाही. ‘स्थानिक परिस्थिती’ हे शब्द तुम्हीच लिहिले आहेत, आता नियमांत ते उतरवा, एवढेच म्हणायचे आहे.

रक्ताच्या पिशवीने शिकवलेला धडा

नियम चांगल्या हेतूने झाला तरी दुर्गम भागात काय घडते, याचे उदाहरण रक्ताचे आहे. हा आपला दुसरा कायदा.

आपल्या देशात रक्त हे कायद्याच्या दृष्टीने औषध आहे. ते गोळा करून साठवायला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो. एके काळी पैशासाठी रक्त विकणाऱ्यांचा धंदा चालत असे आणि त्यातून एचआयव्ही, कावीळ यांसारखे रोग पसरत. ४ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला. विनापरवाना रक्तपेढ्या बंद करा आणि व्यावसायिक रक्तदात्यांची पद्धत मोडून काढा, असे आदेश निघाले. १ जानेवारी १९९८ पासून रक्तविक्रीवर बंदी आली. हे पाऊल आवश्यकच होते आणि त्यामुळे असंख्य लोक संसर्गापासून वाचले असतील.

पण त्याच नियमाने आणखी एक गोष्ट बंद केली. बाळंतपणात रक्तस्राव सुरू झाला की खेड्यातला शल्यचिकित्सक नातेवाइकांपैकी एकाचा रक्तगट जुळवून, आवश्यक तपासण्या करून, त्याचे रक्त लगेच आईला देत असे. रक्त साठवले जात नव्हते आणि विकलेही जात नव्हते. तरीही परवाना नसल्यामुळे हे बेकायदेशीर ठरले. परवाना घ्यायचा तर रक्तपेढीसाठी किमान १०० चौरस मीटर जागा, वातानुकूलित खोल्या, ठरावीक पात्रतेचा डॉक्टर आणि तंत्रज्ञ हवेत. डोंगरातल्या लहान दवाखान्याला हे कसे जमावे?

प्रसूतीनंतरचा रक्तस्राव तास-दोन तासांत जीव घेऊ शकतो. सिकलसेलचा आजार भिल्ल, पावरा, गोंड, माडिया या समाजांत आढळतो आणि त्याच्या रुग्णांना रक्ताची गरज वारंवार पडते. मलेरियाने रक्त उतरलेल्या लेकरांचे तेच. अशा वेळी जिल्ह्याच्या गावाहून रक्ताची पिशवी आणायला माणूस पाठवायचा, आणि तो परत येईपर्यंत वाट पाहायची.

ग्रामीण शल्यचिकित्सकांच्या अखिल भारतीय संघटनेने हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. त्यांची मागणी अशी की सर्व तपासण्या करून, साठवण न करता, तातडीच्या वेळी थेट रक्त देण्याची परवानगी दुर्गम भागातील दवाखान्यांना द्यावी. सीमेवरच्या आणि संवेदनशील भागातल्या सेनादलाच्या वैद्यकीय पथकांना नियमांतून सूट आहे. तीच सूट डोंगरातल्या आईला का नाही, असा त्यांचा सवाल आहे. सरकारची बाजूही समजून घ्यावी. झटपट तपासणीत ताजा संसर्ग सुटू शकतो आणि सवलतीचा गैरफायदा घेणारे निघू शकतात, ही भीती खोटी नाही. या खेचाखेचीतून एक मधली वाट निघाली, ती रक्त साठवण केंद्रांची. परवानाधारक रक्तपेढीकडून पिशव्या आणून लहान रुग्णालयात ठेवायच्या. त्यासाठी रक्तपेढीचा पूर्ण परवाना लागत नाही. वर्षाला दोन हजार पिशव्यांपर्यंत वापर असलेल्या रुग्णालयाला मंजुरी घेऊन असे केंद्र चालवता येते. जिथे वीज टिकते आणि रक्तपेढी फार लांब नाही, तिथे याचा उपयोग होतो. जिथे ते दोन्ही नाही, तिथे प्रश्न अजून उभाच आहे.

यातून घ्यायचा धडा असा. नियम होत असताना दुर्गम भागाचा आवाज तिथे पोहोचला नाही, तर नंतर तो ऐकू यायला वर्षेच्या वर्षे जातात. ज्याचे जळते त्याला कळते, म्हणून ज्यांना कळते त्यांनी वेळेवर बोलले पाहिजे.

प्रत्येक विरोध गरिबासाठी असतोच असे नाही

आता नाण्याची दुसरी बाजू. आरोग्य कायद्यांना होणारा विरोध नेहमी रुग्णाच्या हिताचाच असतो असे समजू नये. दोन उदाहरणे पाहा.

पहिले, २०१९ चा राष्ट्रीय वैद्यक आयोग कायदा. हा आपला तिसरा कायदा. त्याच्या कलम ३२ मध्ये ‘समुदाय आरोग्य सेवक’ अशी तरतूद आहे. आधुनिक वैद्यकाशी संबंधित काम करणाऱ्या, ठरावीक निकष पूर्ण करणाऱ्या व्यक्तीला मर्यादित परवाना द्यायचा. प्राथमिक आणि प्रतिबंधक उपचारांत ठरवून दिलेली औषधे ती स्वतः देऊ शकेल. त्यापुढचे उपचार डॉक्टरच्या देखरेखीखाली. अशा परवान्यांची संख्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त असणार नाही. इंडियन मेडिकल असोसिएशनने याला कडाडून विरोध केला आणि जुलै २०१९ च्या अखेरीस देशभर संप झाला. यामुळे बोगस डॉक्टरांना राजमान्यता मिळेल, असे त्यांचे म्हणणे होते.

ही भीती पूर्णपणे निराधार नाही. निकष सैल ठेवले तर तसे होऊ शकते. पण आपण महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती लोकांनी जामखेड विसरता कामा नये. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये तिथे काम सुरू केले. शाळेची पायरीही न चढलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले, आणि त्या बायकांनी गावेच्या गावे बदलली. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या स्त्रियांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अहवाल आला. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात बालमृत्यूचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले होते. छत्तीसगडने तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढून ग्रामीण वैद्यकीय सहायक तयार केले. २०१० मधल्या एका अभ्यासात प्राथमिक उपचारांपुरते ते एमबीबीएस डॉक्टरांच्या तोडीचे आढळले.

म्हणून या कलमाला सरसकट विरोध करणाऱ्यांच्या रांगेत आपण उभे राहणे योग्य नाही. निकष कडक ठेवा, देखरेख ठेवा, पण दार बंद करू नका, ही आपली भूमिका असावी.

दुसरे उदाहरण, म्हणजे चौथा कायदा, राजस्थानचा. २१ मार्च २०२३ रोजी तिथल्या विधानसभेने आरोग्य हक्काचे विधेयक मंजूर केले. अपघात, सर्पदंश किंवा जनावर चावल्यामुळे अत्यवस्थ झालेल्या रुग्णावर आगाऊ पैसे न मागता उपचार करावेत, आणि रुग्णाने पैसे दिले नाहीत तर सरकारने ते भरून द्यावेत, असे त्यात होते. खासगी डॉक्टरांनी मोठे आंदोलन केले. दवाखाने बंद राहिले. ४ एप्रिल रोजी सरकारशी समझोता झाला आणि पन्नासपेक्षा कमी खाटांची खासगी रुग्णालये कायद्याच्या बाहेर ठेवण्याचे ठरले.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात. सरकार पैसे केव्हा आणि कसे देणार, हा डॉक्टरांचा प्रश्न अगदी रास्त होता. सहा-सहा महिने देयके अडकली तर लहान रुग्णालयाचे औषधदुकानसुद्धा उधारी बंद करते. पण साप चावलेल्या माणसाला आधी पैसे मागू नका, या मूळ तत्त्वाला विरोध कसा करायचा? दाहोद, बांसवाडा, डुंगरपूर या पट्ट्यातला भिल्ल शेतकरी रात्री शेतावर झोपतो. त्याला साप चावला तर त्याच्या कनवटीला किती पैसे असणार? शोमरोन्याने जखमी माणसाला उतारशाळेत नेले तेव्हा मालकाच्या हातावर पैसे ठेवले आणि वर लागतील ते परत येताना देईन म्हणाला. त्या गोष्टीत उपचारही आहे आणि उपचाराचा खर्च कोण सोसणार याचे उत्तरही आहे. कायद्यात या दोन्ही गोष्टी हव्यात. सरकारने फक्त पहिली लिहावी आणि दवाखान्यांनी फक्त दुसरी मागावी, अशाने जखमी माणूस रस्त्यावरच राहतो.

आपली कसोटी

या चार उदाहरणांवरून प्रत्येक नव्या कायद्यापुढे तीन प्रश्न ठेवता येतात.

१. या कलमामुळे आदिवासी रुग्णाचा जवळचा दवाखाना उघडा राहील की बंद होईल?

२. या कलमामुळे त्याला जाब विचारण्याचा हक्क मिळतो का? मिळत असेल तर तो आपल्या गैरसोयीचा असला तरी आपण त्याच्या बाजूने उभे राहायचे.

३. सरकार जबाबदारी टाकते तेव्हा पैसे, माणसे आणि रस्ता यांची सोयही करते का?

पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वाईट आले तर त्या कलमाला विरोध करावा, आणि तो उघडपणे, कारणे देऊन करावा. दुसऱ्या प्रश्नाआड लपून स्वतःची सोय पाहू नये.

विरोध कसा नोंदवायचा?

दवाखाना बंद ठेवून विरोध करणे हा आपला मार्ग नव्हे, कारण त्या दिवशीचा रुग्ण परत यायला उरतोच असे नाही. कायद्याने इतर वाटा दिल्या आहेत.

विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे किंवा विधिमंडळाच्या समितीकडे गेले की समिती लोकांची मते मागवू शकते. नियमांचा मसुदा राजपत्रात येतो तेव्हा ‘हरकती व सूचना’ मागवल्या जातात आणि त्यासाठी मुदत असते. या मुदतीत दिलेले पत्र नंतरच्या दहा मोर्चांपेक्षा जास्त उपयोगी पडते. पत्रात कलमाचा क्रमांक लिहावा, त्याचा आपल्या भागात काय परिणाम होईल ते लिहावे आणि त्याऐवजी कोणती शब्दरचना हवी तेही सुचवावे. आपला तालुका, रस्ता, पावसाळा, जवळच्या रक्तपेढीचे अंतर, वर्षभरात झालेली बाळंतपणे ही माहिती नुसत्या भावनेपेक्षा वजनदार ठरते.

आणखी एक वाट फार थोड्यांना ठाऊक आहे. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीने अनुसूचित क्षेत्रांसाठी राज्यपालांना विशेष अधिकार दिला आहे. संसदेचा किंवा विधिमंडळाचा एखादा कायदा त्या क्षेत्राला लागू होणार नाही, किंवा ठरावीक फेरबदलांसह लागू होईल, असे राज्यपाल अधिसूचना काढून ठरवू शकतात. राज्यात आदिवासी सल्लागार परिषदही असते. म्हणजे नंदुरबार, पालघर, गडचिरोली किंवा मेळघाटातल्या अनुसूचित गावांसाठी वेगळी मानके मागण्याला घटनेचाच आधार आहे. अशी मागणी संस्थेने एकटीने करण्यापेक्षा ग्रामसभेच्या ठरावासह केली तर तिला खरे बळ येते. शेवटी दवाखाना आपला असला तरी आजार आणि मरण गावाचे आहे. बोलण्याचा पहिला हक्क गावाचा.

आधी आपले घर

मात्र सवलत मागणाऱ्याने आपले घर आधी झाडून घ्यावे. दरपत्रक रुग्णाला समजेल अशा भाषेत भिंतीवर लावलेले आहे का? लिहिता-वाचता न येणाऱ्याला ते कोणी वाचून सांगते का? प्रत्येक रुग्णाची नोंद होते का? शस्त्रक्रियेपूर्वी संमती घेताना त्याच्या बोलीत समजावले जाते का? आपल्या शिकवलेल्या मुलींना दरवर्षी उजळणी आणि पुढच्या शिक्षणाची संधी मिळते का? नोंदणीकृत परिचारिका मिळत नाहीत अशी तक्रार असेल, तर पाड्यावरच्या मुलीला परिचर्येच्या अभ्यासक्रमाला पाठवून नोंदणीपर्यंत नेणे हे सर्वांत खात्रीचे उत्तर आहे. शिकून ती आपल्या माणसांत परत येते आणि टिकते. मिरजेत १८९४ साली डॉ. वानलेस यांनी रुग्णालय उघडले तेव्हापासून मिशन रुग्णालयांची ताकद माणसे घडवण्यात राहिली आहे.

इथे तुमचा, देणगीदारांचा, थेट संबंध येतो. एखाद्या मुलीच्या परिचर्या शिक्षणाचा खर्च मंडळीने किंवा महिला संघाने उचलला तर तो नियमात बसण्याचा मार्ग आहे, आणि विरोध करण्याचा नैतिक अधिकारही त्यातूनच मिळतो. मंडळीत वकील, निवृत्त शासकीय अधिकारी, परिचारिका, डॉक्टर असतात. त्यांनी राजपत्रातल्या मसुद्यांवर नजर ठेवली आणि मराठीत चार ओळींत त्याचा अर्थ कळवला, तर डोंगरातल्या दवाखान्याला ती मोठी मदत होईल.

प्रार्थनेचे विषय

• दुर्गम भागात रात्रंदिवस काम करणारे डॉक्टर, परिचारिका, आशाताई आणि आरोग्यसेविका यांना बळ, आरोग्य आणि धीर मिळावा.

• कायदे आणि नियम लिहिणाऱ्यांना डोंगरातली वाट, पूर आणि अंतर दिसावे. त्यांना सुज्ञता लाभावी.

• आपल्या संस्थांनी सवलत मागताना प्रामाणिक राहावे आणि रुग्णाच्या हक्कापुढे स्वतःची सोय ठेवू नये.

• रक्तावाचून वाट पाहणाऱ्या माता, सिकलसेलचे रुग्ण आणि त्यांची कुटुंबे यांची आठवण ठेवावी. ज्यांना शक्य असेल त्यांनी रक्तदानही करावे.